पेन डिस्प्लेवर पुन्हा पुन्हा चरे पडतात? कारण कसं शोधायचं आणि उपाय काय करायचा

पेन डिस्प्लेवर, म्हणजे ज्या स्क्रीनवर थेट पेनाने चित्र काढतात तिच्यावर, नवी संरक्षक फिल्म लावून दोन महिने होत नाहीत तोच स्क्रीनच्या मधोमध चकाकणारा पट्टा दिसू लागतो. उजेड तिरपा पडला की केसासारखे बारीक चरे उठून दिसतात. फिल्म बदलली तरी पुढच्या दोन महिन्यांत पुन्हा तेच. मग पुढच्या वेळी आणखी महागाची फिल्म आणली जाते आणि तिचीही तीच गत होते. दोष बहुतेक वेळा फिल्मचा नसतोच. एक तर निब, म्हणजे पेनाचं बदलता येणारं प्लॅस्टिकचं टोक, झिजून तिला धार आलेली असते, नाहीतर हाताखाली किंवा पुसायच्या कापडात धुळीचे कण घासले जात असतात. यातलं नेमकं काय चाललंय ते शोधलं नाही, तर फिल्म बदलत राहणं म्हणजे छप्पर गळतंय ते तसंच ठेवून खालची बादली बदलत राहणं.

एक भीती आधी काढून टाकू. चऱ्यामुळे पेन ‘वाचणं’ बिघडत नाही. वाकॉम, हुईऑन, एक्सपी-पेन या कंपन्यांच्या पेन डिस्प्लेमध्ये पेनाची जागा ओळखणारा सेन्सर डिस्प्ले पॅनेलच्या मागे असतो आणि पेनाशी त्याचं बोलणं विद्युतचुंबकीय पद्धतीने चालतं. वरच्या काचेवर किंवा फिल्मवर काय झालंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. तिरकी रेघ सावकाश ओढताना ती नागमोडी येत असेल, तर त्याचं कारण चऱ्यात शोधू नका. चऱ्याचा त्रास दोनच प्रकारचा असतो: तो डोळ्यांना खुपतो, आणि खोल असेल तर निब त्यात अडकून रेघेला हिसका बसतो.

चरा आहे का, आणि कुठल्या थरात?

डिस्प्ले बंद करा. खोलीतला दिवा घालवा. मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या कडेला जवळजवळ आडवा धरून प्रकाश पृष्ठभागावरून घसरत जाईल असा टाका. आता दिसेल ते खालीलपैकी काहीतरी असेल.

पुसल्यावर जाणाऱ्या राखाडी किंवा पांढुरक्या रेघा म्हणजे चरे नव्हेत. ते निबचं प्लॅस्टिक आहे. एचिंग केलेल्या, म्हणजे पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केलेल्या, काचेवर निब खडूसारखी झिजते आणि तिचा कीस काचेच्या बारीक खळग्यांत बसतो. मायक्रोफायबर कापड आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि हलक्या हाताने पुसा. पाणी स्क्रीनवर थेट फवारू नका, ते कडेच्या फटीतून आत उतरतं. कितीतरी लोक या रेघांना चरे समजून नवी फिल्म मागवतात, म्हणून ही परीक्षा सगळ्यात आधी.

पुसून न जाणारा, पण नखाला न लागणारा चकचकीत डाग म्हणजे मॅट थर घासून गुळगुळीत झालेला आहे. यात खाच पडलेली नसते, उलट खरबरीतपणा सपाट झालेला असतो. देवनागरी सुलेखन किंवा अक्षरांकन करणाऱ्यांच्या स्क्रीनवर हा डाग हमखास आडव्या पट्टीच्या रूपात दिसतो, कारण कॅनव्हास नेहमी एकाच उंचीवर ठेवून शिरोरेखा ओढली जाते. शंभर वेळा त्याच दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्यातून निब जाते आणि तिथला मॅटपणा निघून जातो. टॅब्लेटवर गणित शिकवणाऱ्या शिक्षकांकडे हाच डाग वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो, कारण प्रत्येक नवं पान तिथूनच सुरू होतं.

नख आडवं फिरवल्यावर अडकतं, तो खरा चरा. तो फिल्मवर आहे की काचेवर, हे ठरवायला स्क्रीनच्या चारही कडा बघा. फिल्म असेल तर कुठेतरी तिची कापलेली धार दिसते किंवा नखाला लागते. धार नसेल तर मॅन्युअल उघडा. काही मॉडेलांवर कारखान्यातूनच बदलता येणारी फिल्म लावून येते, काहींवर मॅट फिल्म कायमची चिकटवलेली असते, काहींत काचेवरच एचिंग असतं. कायमची चिकटवलेली फिल्म ओढून काढायचा प्रयत्न करू नका. खाली गोंदाचा थर राहतो आणि तो साफ करताना आणखी नुकसान होतं.

आणि एखादी रेघ अगदी सरळ उभी किंवा आडवी असेल, स्क्रीन चालू असतानाच दिसत असेल आणि बंद केल्यावर नाहीशी होत असेल, तर तो पॅनेलचा दोष आहे. त्याला फिल्म लावून उपयोग नाही.

चऱ्याचा आकार कारण सांगतो

इथे घाई करू नका. टॉर्चच्या उजेडात पाच मिनिटं नीट बघितलं, तर पुढचे पैसे वाचतात. शक्य असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

तुमच्या स्ट्रोकसारखेच वळणारे, एकमेकांना चिकटून जाणाऱ्या दोन-तीन समांतर रेषांचे चरे निबमुळे पडतात. निबला धार आली असेल किंवा तिच्या टोकात वाळूचा कण रुतला असेल, तर असं होतं. प्लॅस्टिक मऊ असल्यामुळे कण त्यात सहज रुतून बसतो आणि मग पेन प्रत्येक स्ट्रोकला काच कापायच्या हिऱ्यासारखं काम करतं.

मनगटाभोवती फिरल्यासारखे रुंद, फिकट, धनुष्याकृती चरे खालच्या उजव्या भागात दिसत असतील (डावखुऱ्यांना डाव्या), तर ते हाताखालच्या धुळीचे. दोन बोटांचा ग्लोव्ह घातला म्हणून सुटका होत नाही. ग्लोव्हच्या लायक्रात कण अडकून बसतात आणि करंगळीची बाजू बारीक काचपेपर बनते.

गोल-गोल, भोवऱ्यासारखे असंख्य बारीक चरे सगळ्या स्क्रीनवर सारखे पसरलेले असतील, तर ते पुसण्याचे आहेत. कोरड्या कापडाने धूळ घासली गेली, किंवा चष्म्याचं कापड महिनोन् महिने धुतलेलंच नाही.

कडांजवळ, सरळ, कुठल्याही दिशेला गेलेले एकाकी पण खोल चरे बॅगेतले असतात. चार्जरची पिन, बॅगेची चेन, किल्ल्या, आणि सगळ्यात जास्त वेळा लॅपटॉपचा कोपरा.

धूळ इतकं नुकसान कशी करते, हे कळण्यासाठी काठिण्याचे आकडे पुरेत. मोह्सच्या श्रेणीत (काठिण्याची १ ते १० अशी मोजपट्टी) नख साधारण २.५ वर येतं, साधी काच ५.५ च्या आसपास आणि गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, ७ वर. दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये गारगोटी भरपूर सापडते, बांधकामाच्या वाळूतही ती असते. शेजारी इमारतीचं काम चालू असेल किंवा घर रस्त्याला लागून असेल, तर टेबलावर बसणाऱ्या धुळीत काचेपेक्षा कठीण कण असतात असंच धरून चाला. प्लॅस्टिकची फिल्म तर काचेपेक्षा कितीतरी मऊ. पाकिटावर छापलेलं ‘९एच’ मोह्सच्या श्रेणीतलं ९ नव्हे. ते पेन्सिल-काठिण्य आहे: ठरावीक भाराखाली, ४५ अंशांत धरलेली ९एच पेन्सिल ओढली तर चरा पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. गारगोटीच्या कणापुढे तो आकडा काही कामाचा नाही.

निब: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग

नवी निब टोकाला गोल असते. आपण पेन नेहमी एकाच कोनात धरतो, त्यामुळे ती एका बाजूने घासली जाऊन तिथे सपाट तिरपा काप तयार होतो, छिन्नीच्या तोंडासारखा. काप स्वतः निरुपद्रवी असतो. त्रास त्याच्या कडेचा. पेन बोटांत जरासं फिरलं की ती कड स्क्रीनला लागते.

तपासायची रीत सोपी आहे. पेन नेहमीच्या कोनात धरून निब अंगठ्याच्या नखावरून हलकेच आडवी ओढा, मग पेन थोडं फिरवून पुन्हा ओढा. चारही बाजूंनी गुळगुळीत घसरली तर ठीक. एखाद्या बाजूला नखावर पांढरी रेघ उमटली किंवा बारीक कीस निघाला, तर निब त्याच दिवशी बदला. फक्त खर्‌खर्‌ आवाज आला आणि रेघ उमटली नाही, तर निब ओल्या कापडाने पुसून पुन्हा बघा, कण चिकटलेला असू शकतो.

बदलताना पेनासोबत आलेल्या निब-रिंगने किंवा चिमट्याने निब सरळ रेषेत बाहेर ओढायची, पिळायची नाही. नवी निब शेवटपर्यंत आत ढकला. अर्धवट बसली तर दाब चुकीचा वाचला जातो. निब पेनाबाहेर जेमतेम एक मिलिमीटर उरेपर्यंत थांबू नका. एक तर चिमट्यात ती धरता येत नाही, दुसरं म्हणजे पेन तिरपं झालं की निबऐवजी पेनाच्या टोकाचं कडक प्लॅस्टिकच स्क्रीनला घासतं. ते चरे फार वाईट असतात.

आयुष्य वाढवायचं असेल तर आठवड्यातून एकदा निब बाहेर काढून पाव वळण फिरवून परत बसवा. अख्खं पेन फिरवून धरता येत नाही, कारण बटणं बोटाखालून सरकतात, पण निब फिरवता येते. हे पहिल्या आठवड्यापासून करायला हवं. मोठा काप पडल्यावर फिरवलात, तर उलट कडच पुढे येईल. झिजलेली निब काचपेपरवर घासून गोल करायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नका. काचपेपरचे कण निबमध्ये रुततात आणि वर सांगितलेले समांतर चरे सुरू होतात.

आयपॅड आणि ॲपल पेन्सिल वापरणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. कागदासारख्या खरबरीत फिल्मवर पेन्सिलचं टोक लवकर झिजतं, आणि आतला धातू दिसू लागल्यावरही काम चालू ठेवलं तर तो सरळ काचेवर किंवा फिल्मवर घासतो. टोक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की निघतं. पांढऱ्या प्लॅस्टिकमधून धातूचा ठिपका किंवा पिवळसर छटा दिसली, की टोक बदला.

हात जड पडतोय का?

जाड रेघ यावी म्हणून जोर लावावा लागत असेल, तर दाबाचा वक्र, म्हणजे किती जोराला किती जाड रेघ हे ठरवणारी सेटिंग, फार कडक ठेवलेला आहे. वाकॉमच्या ड्रायव्हरमध्ये टिप फीलचा स्लायडर सॉफ्टकडे दोन घरं न्या. इतर कंपन्यांच्या ड्रायव्हरमध्ये दाबाचा आलेख असतो, त्याचा मधला बिंदू वर-डावीकडे ओढा. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्फिगर क्रिटा उघडून टॅब्लेट सेटिंग्जमधला इनपुट प्रेशर ग्लोबल कर्व्ह तसाच वाकवा. क्लिप स्टुडिओ या तशाच सॉफ्टवेअरमध्ये फाइल मेन्यूत पेन प्रेशर सेटिंग्ज आहे, तिथे तो तुमच्याकडून रेघा काढून घेऊन वक्र स्वतः ठरवतो. नेहमीच्या जोराच्या अर्ध्या जोरात रेघा काढा, म्हणजे वक्र त्या बेताने बसेल. दोन-तीन दिवस हात अवघडतो, मग जोर आपोआप कमी होतो.

शिरोरेखेच्या पट्ट्यावर इलाज एकच: कॅनव्हास हलवत राहणं. प्रत्येक ओळीनंतर पान थोडं वर-खाली सरकवा. क्रिटात ४ आणि ६ या कळांनी कॅनव्हास फिरतो, ५ ने सरळ होतो.

चरा घालवायचे घरगुती उपाय

टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, कार पॉलिश: तिन्हींत घासणारे कण असतात. मॅट फिल्मवर किंवा एचिंग केलेल्या काचेवर ते वापरले, तर चऱ्याच्या जागी रुपयाएवढा चकचकीत डाग मिळतो, आणि तो चऱ्यापेक्षा जास्त दिसतो. सेरियम ऑक्साइडने काच खरंच पॉलिश होते, पण ती साधी, सुटी काच. डिस्प्लेवर त्याने एचिंग आणि लेप दोन्ही जातात, घर्षणाची उष्णता आणि पाणी पॅनेलपर्यंत पोचतं. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावल्यावर चरा तासाभरासाठी दिसेनासा होतो, मग तेलावर धूळ बसते आणि तुम्ही ती धूळ निबखाली घासता. खिडक्या पुसायच्या क्लीनरमध्ये अमोनिया असेल तर तो लेप खराब करतो. हे सगळं टाळा.

फिल्म बदलणं

कुठली घ्यायची? स्क्रीनचे पिक्सेल जितके बारीक, तितकी खरबरीत मॅट फिल्म त्यावर जास्त ‘रवाळ’ दिसते, रंगीत कण लुकलुकल्यासारखे. २१.५ इंची फुल एचडी डिस्प्लेवर इंचाला साधारण १०२ पिक्सेल असतात, तिथे खरबरीत फिल्म चालून जाते. १३.३ इंची फुल एचडीवर १६६ होतात, तिथे बारीक पोताची मॅट घ्या. बहुतेक आयपॅडवर २६४ असतात. तिथे कागदी पोत हवाच असेल, तर रंगांची स्वच्छता थोडी सोडावी लागते. पारदर्शक टेम्पर्ड काच चऱ्यांना जास्त दाद देत नाही, पण गुळगुळीत असते, चकाकते आणि जाडीमुळे निब व रेघ यांच्यातलं अंतर वाढवते. लावल्यावर ड्रायव्हरमधून कॅलिब्रेशन (निबची जागा आणि रेघेची जागा जुळवणं) पुन्हा करा.

माप घेताना चित्राचं क्षेत्र मोजू नका. १३.३ इंची डिस्प्लेचं चित्रक्षेत्र २९४ × १६५ मिमी आणि १५.६ इंचीचं ३४४ × १९४ मिमी असतं, पण त्या मापाची फिल्म लावली तर तिची धार सतत तळहाताखाली येते आणि तिथूनच ती सुटते. पूर्ण सपाट काच मोजा आणि चारही बाजूंनी १ मिमी कमी घ्या.

जुनी फिल्म काढताना डिस्प्लेची वायर काढून ठेवा. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून वीतभर लांबून एका कोपऱ्याला अर्धा मिनिट ऊब द्या. बोटाला काच कोमट लागली पाहिजे, गरम नाही. कोपऱ्यावर सेलोटेपचा तुकडा पक्का चिकटवून तो उचला. ब्लेड किंवा पट्टी घालू नका. कोपरा सुटला की फिल्म वर उचलायची नाही, मागे दुमडून स्क्रीनला जवळजवळ समांतर, सावकाश ओढायची.

नवी लावण्यासाठी घरातली सगळ्यात कमी धुळीची जागा म्हणजे आंघोळीनंतरची बाथरूम. वाफेने हवेतली धूळ खाली बसलेली असते. दहा मिनिटं थांबा, वाफ विरू द्या, पंखा लावू नका. लोकरीचे किंवा सुती सैल कपडे घालू नका, धागे सुटतात. काच ओल्या मायक्रोफायबरने, मग कोरड्याने पुसा. शेवटची धूळ सेलोटेपच्या चिकट बाजूने टिपून घ्या. डिस्प्ले बंद आणि टॉर्च आडवा, म्हणजे प्रत्येक कण दिसतो.

फिल्मचा मागचा कागद न काढता ती जागेवर ठेवा, चारही बाजू जुळवा आणि एका आखूड बाजूला मास्किंग टेपचे दोन तुकडे लावून बिजागरी करा. आता फिल्म दाराच्या फळीसारखी उघडा, कागद फक्त ५ सेंटिमीटर सोलून मागे दुमडा, ती कड टेकवा आणि प्लॅस्टिक कार्डला मऊ कापड गुंडाळून मधून बाहेर दाबत जा. कागद थोडा थोडा मागे ओढत राहा. सगळा एकदम काढलात, तर फिल्म स्थिर विजेने खोलीतली धूळ ओढून घेते.

आत कण अडकला तर जवळचा कोपरा सेलोटेपने उचला, दुसऱ्या तुकड्याने कण फिल्मच्या आतल्या बाजूवरून टिपा आणि पुन्हा बसवा. लहान हवेचे बुडबुडे एक-दोन दिवसांत बरेचसे जिरतात. कणाभोवतीचा बुडबुडा जिरत नाही, त्याची वाट बघू नका. साबणाच्या पाण्यावर फिल्म बसवायची गाडीच्या काचांची पद्धत इथे वापरू नका.

चरा काचेवरच असेल तर

नखाला न लागणारा चरा नव्या फिल्मखाली बराचसा नाहीसा होतो, कारण फिल्मचा गोंद त्या फटीत बसतो आणि उजेड पूर्वीसारखा विखुरत नाही. नख अडकणारा चरा दिसत राहील, पण निब त्यावरून अडखळणार नाही, आणि काम करणाऱ्याला तेवढं पुरतं. चऱ्यातून फाटे फुटत असतील किंवा कडेपर्यंत गेला असेल तर ती भेग आहे. लॅमिनेटेड डिस्प्लेत काच आणि पॅनेल एकमेकांना चिकटवलेले असतात, दोन्ही एकत्र बदलावे लागतात आणि खर्च नव्या डिस्प्लेच्या जवळ जातो. लॅमिनेशन नसेल तर फक्त काच बदलता येते. दुरुस्तीला देण्याआधी हे एवढं विचारून घ्या.

बिनस्क्रीनचा टॅब्लेट

यात चरे पडले तरी चित्र दिसण्याशी संबंध नाही. निब अडखळू लागली की झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंगच्या वर लावतात ती पारदर्शक शीट आणा, १७५ मायक्रॉनच्या आसपासची. वाकॉमच्या इन्ट्युओस मालिकेतल्या लहान टॅब्लेटचं क्षेत्र १५२ × ९५ मिमी आहे, त्याला ए५ शीट पुरते. मध्यम २१६ × १३५ मिमी आहे, त्याला ए४ मधून कापा. बटणं मोकळी ठेवून मास्किंग टेपने चिकटवा. पेन काही मिलिमीटर उंचीवरूनही वाचलं जातं, त्यामुळे एवढ्या जाडीने फरक पडत नाही. साधा कागद लावला तर हाताला छान वाटतं, पण निब झपाट्याने झिजते.

लावल्यानंतर

बसण्याआधी स्क्रीनवरची धूळ मऊ ब्रशने झटका, मग ओल्या कापडाने एका दिशेने पुसा, गोल नाही. कापड आणि ग्लोव्ह आठवड्याला धुवा, सॉफ्टनर न घालता. बॅगेत टॅब्लेटच्या तोंडावर पॅकिंगमधली फोमची शीट ठेवा.

पंधरा दिवसांनी पुन्हा दिवा घालवून टॉर्च आडवा धरा आणि आधी काढलेल्या फोटोशी ताडून बघा. समांतर चरे पुन्हा दिसले तर निब बदला आणि जुनी फेकून द्या, डबीत परत ठेवू नका. धनुष्याकृती दिसले तर ग्लोव्ह धुवा किंवा बदला. भोवरे दिसले तर कापड. काहीच दिसलं नाही, तर पुढची तपासणी महिन्याने केली तरी चालेल.